टॅब्लेटसाठी सुसंगत मेमरी कार्डाची निवड : महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

अध्यापन, क्षेत्रभेटी, मुलाखती व दस्तऐवजीकरण यांसाठी महाविद्यालयांत टॅब्लेटचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. टॅब्लेटची अंतर्गत साठवणक्षमता अपुरी पडू लागली की मेमरी कार्ड घेतले जाते. हे कार्ड निवडताना बहुतेक वेळा क्षमता व किंमत या दोनच बाबी पाहिल्या जातात. प्रत्यक्षात कार्डाचा आकार, क्षमतेचा वर्ग, फाइल प्रणाली, वेग आणि टॅब्लेटच्या कार्यप्रणालीतील वापराची पद्धत या पाच बाबींची जुळणी झाल्याशिवाय कार्ड सुसंगत ठरत नाही. प्रस्तुत लेखात या पाच बाबींचे विवेचन केले असून, खरेदीचे मागणीपत्र कसे लिहावे व नवे कार्ड वापरात आणण्यापूर्वी त्याची पडताळणी कशी करावी, यासंबंधी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : टॅब्लेट, मायक्रोएसडी कार्ड, सुसंगतता, फाइल प्रणाली, वेगवर्ग, पडताळणी.

१. प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे अध्यापकाच्या कामाचे स्वरूप पालटले आहे. खडू-फळ्याच्या जोडीला संगणक आला, संगणकापाठोपाठ टॅब्लेट आला. भारतातील उच्च शिक्षणात टॅब्लेटची व्यापक चर्चा सुरू झाली ती ‘आकाश’ या उपकरणामुळे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे त्याचे अनावरण झाले. पुढे ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. त्या प्रकल्पात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा महत्त्वाचा सहभाग होता. या टॅब्लेटची अंतर्गत साठवण अत्यल्प होती. मात्र ३२ जीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड लावण्याची सोय त्यात होती. अंतर्गत साठवण कमी असलेले उपकरण कार्डाच्या आधाराने उपयुक्त ठरू शकते, हे त्यातून अनेकांच्या ध्यानात आले.

आज टॅब्लेटची क्षमता अनेक पटींनी वाढली आहे. परंतु साठवायची सामग्रीही त्याच प्रमाणात वाढली आहे. व्याख्यानांचे चित्रीकरण, क्षेत्रभेटीची छायाचित्रे, मौखिक परंपरेचे ध्वनिमुद्रण, हस्तलिखितांच्या प्रतिमा यांसाठी जागा लागतेच. अशा वेळी विभागाकडून एक मागणीपत्र जाते, त्यावर ‘मेमरी कार्ड, १२८ जीबी, १ नग’ एवढाच मजकूर असतो, दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत कमी दराचे कार्ड विभागात येते.

प्रस्तुत लेखकाच्या विभागातही काही वर्षांपूर्वी असेच घडले. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनासाठी विद्यार्थ्यांसह पाच दिवसांची क्षेत्रभेट ठरली. टॅब्लेट १२८ जीबीपर्यंतचे कार्ड स्वीकारणारा होता आणि कार्डावरही १२८ जीबी असेच छापलेले होते. दररोज सुमारे सहा तासांचे ध्वनिमुद्रण झाले. परतल्यावर पहिल्या दोन दिवसांच्या फायली व्यवस्थित उघडल्या. पुढील तीन दिवसांच्या फायलींची नावे यादीत दिसत होती, परंतु त्यांपैकी एकही उघडेना. तपासणीअंती कार्डाची खरी क्षमता ८ जीबीच्या आसपास असल्याचे आढळले. बहुतेक गायिकांकडे पुन्हा जाऊन मुद्रण करता आले. दोन वृद्ध गायिकांचे मात्र पुन्हा करता आले नाही. पुरवठादाराने कार्ड बदलून दिले. मात्र जे गेले होते ते कार्डाच्या किमतीत मोजता येण्यासारखे नव्हते. या अनुभवातूनच प्रस्तुत विषयाचा पद्धतशीर विचार करण्याची गरज जाणवली.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) मेमरी कार्ड व टॅब्लेट यांच्यातील सुसंगततेची संकल्पना स्पष्ट करणे.
(२) कार्डावर छापलेल्या चिन्हांचा अर्थ विशद करणे.
(३) अध्यापकाच्या गरजेनुसार क्षमता व वेग ठरविण्याची रीत सांगणे.
(४) खरेदी व पडताळणीसंबंधी व्यवहार्य सूचना करणे.

३. सुसंगततेची संकल्पना

कार्ड टॅब्लेटमध्ये बसले म्हणजे ते सुसंगत झाले, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे. टॅब्लेट व कार्ड यांच्यात चार पातळ्यांवर मेळ बसावा लागतो. पहिली पातळी भौतिक आकाराची. दुसरी पातळी विद्युत संकेतांची. कार्डातील माहितीचा पत्ता ज्या रीतीने दिला जातो ती रीत टॅब्लेटला माहीत असावी लागते. तिसरी पातळी फाइल प्रणालीची. माहिती ज्या व्यवस्थेने मांडली आहे ती व्यवस्था टॅब्लेटच्या कार्यप्रणालीस वाचता यावी लागते. चौथी पातळी परवानगीची. कार्यप्रणाली कार्डावर काय ठेवू देते आणि काय ठेवू देत नाही, हे आधी पाहावे लागते. यांपैकी एका पातळीवर जरी मेळ चुकला तरी कार्ड ‘दिसत नाही’, ‘भरत नाही’ किंवा ‘अर्ध्यावर थांबते’ अशा तक्रारी उद्भवतात. चार पातळ्या जुळल्यानंतर वेगाचा प्रश्न येतो. वेग कमी पडला तरी कार्ड बहुधा चालते; परंतु ते कामास पुरे पडत नाही.

४. आकार व स्लॉट

एसडी कार्डाचे मानक १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन जाहीर केले आणि २००० साली त्यासाठी एसडी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. मूळ एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. कॅमेऱ्यात आजही तेच आढळते. २००५ साली याच कुटुंबात १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असे मायक्रोएसडी कार्ड दाखल झाले. टॅब्लेटमध्ये सर्वसाधारणपणे हेच कार्ड बसते. त्याचे मूळ नाव ट्रान्सफ्लॅश असे होते, म्हणून काही टॅब्लेटवर व माहितीपत्रकांत ‘टीएफ कार्ड’ असा उल्लेख आढळतो. तो याच कार्डाचा उल्लेख होय.

या ठिकाणी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, सर्वच टॅब्लेटना स्लॉट नसतो. ॲपलच्या आयपॅडला २०१० सालच्या पहिल्या आवृत्तीपासून कार्डाचा स्लॉट नाही. २०१९ साली आलेल्या आयपॅडओएस १३ पासून अडॅप्टर लावून कार्डावरील फायली उघडता येतात. परंतु कार्ड कायमचे आत ठेवता येत नाही. दुसरी, ह्युआवेने २०१८ साली नॅनो मेमरी कार्ड नावाचा वेगळा, नॅनो सिमच्या आकाराचा प्रकार आणला. ज्या टॅब्लेटला हे कार्ड लागते त्यात मायक्रोएसडी चालत नाही. तिसरी, काही टॅब्लेटमध्ये सिम व मेमरी कार्ड यांची जागा एकाच ट्रेमध्ये असते. दोन सिम लावल्यास कार्डास जागा उरत नाही. म्हणून खरेदीपूर्वी ट्रे प्रत्यक्ष उघडून पाहणे श्रेयस्कर ठरते.

५. क्षमतेचे वर्ग

मायक्रोएसडी कार्डावर क्षमतेच्या आकड्याजवळ काही अक्षरे छापलेली असतात. ती अक्षरे सजावटीची नसून कार्डाचा वर्ग सांगणारी असतात. हे वर्ग पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) एसडी : २ जीबीपर्यंत. फाइल प्रणाली फॅट१२ अथवा फॅट१६.
(आ) एसडीएचसी : २ जीबीपेक्षा अधिक ते ३२ जीबीपर्यंत. मानक २००६ साली. फाइल प्रणाली फॅट३२.
(इ) एसडीएक्ससी : ३२ जीबीपेक्षा अधिक ते २ टीबीपर्यंत. मानक २००९ साली. फाइल प्रणाली एक्सफॅट.
(ई) एसडीयूसी : २ टीबीपेक्षा अधिक ते १२८ टीबीपर्यंत. मानक २०१८ साली. फाइल प्रणाली एक्सफॅट.

यासंबंधीचा मूळ नियम सोपा आहे. नवे उपकरण जुन्या वर्गाचे कार्ड स्वीकारते. जुने उपकरण नव्या वर्गाचे कार्ड स्वीकारेलच असे नाही. एसडीएक्ससी टॅब्लेटमध्ये १६ जीबीचे एसडीएचसी कार्ड निर्वेधपणे चालते. याउलट केवळ एसडीएचसीसाठी बनविलेल्या टॅब्लेटमध्ये ६४ जीबीचे कार्ड चालण्याची हमी नसते.

या नियमामागील कारण जाणून घेणे उपयुक्त आहे. पहिल्या एसडी कार्डांत प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता दिला जात असे. पत्त्यासाठी ३२ बिट उपलब्ध असल्याने मर्यादा लवकर गाठली गेली. एसडीएचसीमध्ये प्रत्येक बाइटऐवजी ५१२ बाइटच्या गटाला पत्ता देण्यात आला. गावातील प्रत्येक माणसाला स्वतंत्र पत्ता देण्याऐवजी प्रत्येक घराला पत्ता द्यावा, तसा हा बदल होय. जुन्या उपकरणाला हा बदल कळत नाही, म्हणून ते एसडीएचसी कार्ड ओळखत नाही. एसडीएचसी व एसडीएक्ससी यांच्यात मात्र पत्ता देण्याची रीत एकच आहे. मुख्य भेद फाइल प्रणालीचा आहे. त्यामुळे ‘३२ जीबीपर्यंत’ असे लिहिलेल्या काही टॅब्लेटमध्ये ६४ जीबीचे कार्ड फॅट३२ने फॉरमॅट केल्यास चालते, असा अनुभव येतो. तो प्रयोग म्हणून ठीक आहे. महत्त्वाच्या सामग्रीसाठी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये.

क्षमतेबाबत आणखी एक शंका वारंवार विचारली जाते. ६४ जीबीचे कार्ड लावल्यावर काही उपकरणांवर ५९.६ जीबी एवढीच जागा का दिसते? उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात. त्यामुळे ६४ जीबी म्हणजे ६४०० कोटी बाइट होतात. अनेक संगणक मात्र १०२४च्या पटीत मोजणी करतात. त्या मापाने याच ६४०० कोटी बाइटचे ५९.६ होतात. फाइल प्रणालीच्या नोंदींसाठी आणखी थोडी जागा जाते. एवढी तफावत स्वाभाविक असून ती फसवणूक नव्हे.

६. फाइल प्रणाली

ग्रंथालयात पुस्तके कितीही असली तरी तालिकेशिवाय ती सापडत नाहीत. फाइल प्रणाली ही कार्डावरील तालिका होय. फॅट३२ ही प्रणाली जुनी असून ती जवळजवळ सर्व उपकरणांना वाचता येते. तिची प्रमुख मर्यादा अशी की, एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा कमीच असावा लागतो. टॅब्लेटवर सेकंदाला १७ मेगाबिट या दराने फुल एचडी चित्रीकरण केल्यास ही मर्यादा सुमारे ३३ मिनिटांत गाठली जाते. म्हणजे तासाभराचे व्याख्यान एका फाइलमध्ये मावत नाही. काही ॲप अशा वेळी आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, तर काही चित्रीकरणच थांबवितात. कार्डावर भरपूर जागा शिल्लक असतानाही व्याख्यान अर्ध्यावर तुटले, तर प्रथम याच कारणाचा शोध घ्यावा.

एक्सफॅट प्रणालीत ही मर्यादा व्यवहारात जाणवत नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेली ही प्रणाली एसडीएक्ससी वर्गासाठी स्वीकारण्यात आली. दीर्घकाळ तिच्या वापरासाठी उपकरण-उत्पादकांना परवाना घ्यावा लागत असे. त्यामुळे अनेक स्वस्त टॅब्लेटमध्ये ती उपलब्ध नव्हती. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील प्रसिद्ध केला आणि त्यानंतर लिनक्समध्ये तिचा अधिकृत समावेश झाला. ॲन्ड्रॉइड ही कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली असल्याने ही घटना टॅब्लेटच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. तथापि, त्यापूर्वीचे टॅब्लेट महाविद्यालयांत अद्याप वापरात असू शकतात. अशा टॅब्लेटमध्ये एक्सफॅट कार्ड घातल्यास ‘कार्ड रिकामे आहे किंवा फॉरमॅट करा’ अशी सूचना येते. त्या सूचनेस विचार न करता होकार देऊ नये. कार्डावर आधीची सामग्री असल्यास ती नष्ट होते.

७. वेग आणि कार्डावरील चिन्हे

कार्डावर अनेक लहान चिन्हे एकाच जागी दाटीने छापलेली असतात. त्यांचा उलगडा पुढीलप्रमाणे करता येईल.

(अ) इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आतील अंक : २, ४, ६ किंवा १०. अंक जितका, तितके मेगाबाइट दर सेकंदाला सलग लिहिण्याची किमान हमी.
(आ) इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आतील १ किंवा ३ : अनुक्रमे १० व ३० मेगाबाइटची किमान हमी.
(इ) ‘व्ही’ अक्षरापुढील ६, १०, ३०, ६० किंवा ९० : चित्रीकरणासाठी तितक्या मेगाबाइटची किमान हमी.
(ई) ‘ए१’ किंवा ‘ए२’ : कार्डावर ॲप चालविण्याच्या दृष्टीने दिलेला वर्ग.
(उ) रोमन अंकातील १ किंवा २ : यूएचएस या संदेशमार्गाचा प्रकार.

येथे मेगाबिट व मेगाबाइट यांतील फरक ध्यानात ठेवावा; ८ बिट म्हणजे १ बाइट. चित्रीकरणाचा दर मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये. सेकंदाला १७ मेगाबिट म्हणजे जेमतेम २.१ मेगाबाइट. सेकंदाला ४८ मेगाबिट दराचे ४के चित्रीकरणही ६ मेगाबाइटमध्ये भागते. याचा अर्थ असा की, वर्गातील व्याख्यानाच्या चित्रीकरणास यू१ किंवा व्ही१० वर्गाचे अस्सल कार्ड पुरेसे आहे. ४के चित्रीकरण नियमित करावयाचे असल्यास यू३ किंवा व्ही३० घ्यावे. त्याहून वरच्या वर्गावर खर्च केलेला पैसा टॅब्लेटच्या बाबतीत वाया जातो.

वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो. लिहिण्याचा किमान वेग मात्र वर सांगितलेल्या लहान चिन्हांतूनच कळतो. यूएचएसच्या पहिल्या प्रकारात सेकंदाला १०४ मेगाबाइट ही कमाल मर्यादा आहे. त्याहून अधिक वेगाचा दावा करणाऱ्या कार्डांना तो वेग गाठण्यासाठी विशिष्ट कार्ड रीडर लागतो; सामान्य टॅब्लेटमध्ये तो मिळत नाही. यूएचएसच्या दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला मागील बाजूस संपर्कपट्ट्यांची जादा ओळ असते. टॅब्लेटच्या स्लॉटमध्ये तिची जोड नसल्यास ते कार्ड पहिल्या प्रकाराच्या वेगानेच चालते.

‘ए१’ व ‘ए२’ या वर्गांचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. चित्रीकरणात माहिती सलग लिहिली जाते. ॲप मात्र निरनिराळ्या ठिकाणच्या लहान लहान नोंदी वाचते व लिहिते. २०१६ साली आलेल्या ए१ वर्गात सेकंदाला किमान १५०० यादृच्छिक वाचने व ५०० लेखने यांची हमी असते. २०१७ सालच्या ए२ वर्गात हेच आकडे अनुक्रमे ४००० व २००० आहेत. मात्र ए२ची ही क्षमता प्रकट होण्यासाठी टॅब्लेटमध्येही तशी व्यवस्था असावी लागते. ती नसल्यास ए२साठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. केवळ पुस्तके, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे ठेवावयाची असतील तर या वर्गाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

८. ॲन्ड्रॉइडमधील वापराच्या दोन पद्धती

२०१५ साली आलेल्या ॲन्ड्रॉइड ६ या आवृत्तीपासून कार्ड दोन पद्धतींनी वापरता येते. पहिली पद्धत सुट्या साठवणीची. या पद्धतीत कार्ड काढून संगणकात किंवा दुसऱ्या टॅब्लेटमध्ये वाचता येते. दुसरी पद्धत अंतर्गत साठवणीची. या पद्धतीत टॅब्लेट कार्डास आपल्याच साठवणीचा भाग मानतो, ते नव्याने फॉरमॅट करतो आणि त्यावरील सर्व माहिती कूटबद्ध करतो. कूटबद्धतेची किल्ली त्या टॅब्लेटमध्येच असते. त्यामुळे ते कार्ड अन्यत्र वाचता येत नाही. टॅब्लेट नादुरुस्त झाला तर कार्ड सुस्थितीत असूनही आतील सामग्री हाती लागत नाही.

ही दुसरी सोय सर्व उत्पादकांनी दिलेली नाही. जेथे ती आहे तेथेही संशोधनसामग्रीसाठी पहिली पद्धतच स्वीकारावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुलाखती व ध्वनिमुद्रणे ही एका टॅब्लेटच्या आयुष्याशी बांधली जाऊ नयेत. मात्र पहिल्या पद्धतीत कार्ड हरवल्यास ते कोणालाही वाचता येते, याचेही भान असावे. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती किंवा गोपनीय मुलाखती असलेली कार्डे कुलूपबंद ठेवावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कार्ड लावले म्हणजे टॅब्लेटचा वेग वाढतो किंवा सर्व ॲप कार्डावर हलविता येतात, ही अपेक्षा योग्य नाही. कार्ड साठवणीची जागा वाढविते. उपकरणाची कार्यशक्ती वाढवीत नाही. टॅब्लेट मंद झाला असेल तर त्यावर कार्ड हा उपाय नव्हे.

९. क्षमतेचा अंदाज

किती क्षमतेचे कार्ड घ्यावे, हे अंदाजाने न ठरविता हिशोबाने ठरवावे. सीडीच्या दर्जाचे, असंपीडित, स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. वर उल्लेखिलेल्या दराने फुल एचडी चित्रीकरण तासाला सुमारे ७.७ जीबी घेते. पाच दिवसांच्या क्षेत्रभेटीत रोज सहा तास ध्वनिमुद्रण व एक तास चित्रीकरण होणार असेल, तर ध्वनिमुद्रणास सुमारे १९ जीबी व चित्रीकरणास सुमारे ३८ जीबी, अशी एकूण ५७ जीबी जागा लागेल. ६४ जीबीचे कार्ड अशा वेळी काठोकाठ भरते. तथापि, १२८ जीबीचे एक कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घेणे अधिक सुरक्षित होय. एक कार्ड दगावले तरी सर्व सामग्री जात नाही.

१०. बनावट कार्डे व पडताळणी

बनावट कार्डात लहान क्षमतेची चकती असते आणि नियंत्रकाचा कार्यक्रम बदलून टॅब्लेटला मोठा आकडा सांगितला जातो. टॅब्लेट त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. खरी क्षमता संपल्यानंतर लिहिलेली माहिती एक तर कोठेच लिहिली जात नाही, किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. फायलींची नावे मात्र कार्डाच्या आरंभीच्या भागात नोंदली जात असल्याने ती यादीत दिसत राहतात. या घटितामुळेच फसवणूक तत्काळ लक्षात येत नाही. प्रस्तावनेत सांगितलेल्या प्रसंगात नेमके हेच झाले होते.

कार्डाच्या गुणधर्मांत दिसणारा क्षमतेचा आकडा हा पुरावा नव्हे. कार्ड पूर्ण भरून, भरलेले परत वाचून पाहणे हीच खरी परीक्षा. यासाठी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. ती कार्डावर ठरावीक नमुन्याची माहिती काठोकाठ लिहितात आणि नंतर ती जशीच्या तशी परत मिळते का, हे पाहतात. सेकंदाला २० मेगाबाइट वेगाने ६४ जीबीचे कार्ड भरण्यास सुमारे ५३ मिनिटे लागतात. वाचनास आणखी काही वेळ. एका तासिकेपेक्षा थोड्या अधिक वेळात होणारे हे काम महिनोन्‌महिन्यांच्या श्रमांचे रक्षण करते. ही परीक्षा कार्ड रिकामे असतानाच करावी. त्यानंतर एसडी असोसिएशनच्या विनामूल्य फॉरमॅटर साधनाने किंवा प्रत्यक्ष टॅब्लेटमध्ये कार्ड फॉरमॅट करून वापरास घ्यावे.

११. मागणीपत्राचा मजकूर

दरपत्रकांची पद्धत सार्वजनिक पैशाच्या विनियोगासाठी आवश्यक आहे. परंतु कमी दराची तुलना समान वस्तूंमध्येच होऊ शकते. मागणीपत्रात केवळ क्षमता लिहिली तर अस्सल व निकस कार्डे कागदावर समान ठरतात आणि निकस कार्डाचा दर स्वाभाविकपणेच कमी येतो. दोष पद्धतीत नसून आपल्या अर्ध्या ओळीच्या मजकुरात असतो. म्हणून मागणीपत्रात पुढील तपशील असावा :

(१) टॅब्लेटचा उत्पादक व मॉडेल क्रमांक. उत्पादकाने दिलेली कार्डाची कमाल क्षमता.
(२) कार्डाचा प्रकार व वर्ग. उदाहरणार्थ, मायक्रोएसडी, एसडीएक्ससी, ६४ जीबी.
(३) वेगाचा किमान वर्ग. उदाहरणार्थ, यू१ किंवा व्ही१०. ॲपसाठी वापर असल्यास ए१.
(४) मूळ उत्पादकाच्या सीलबंद वेष्टनात व हमीसह पुरवठा. पावतीवर मॉडेल क्रमांकाचा उल्लेख.
(५) पूर्ण क्षमतेची पडताळणी करून मगच देयक अदा केले जाईल आणि पडताळणीत अनुत्तीर्ण झालेले कार्ड बदलून द्यावे लागेल, ही अट.

पाचवी अट विशेष महत्त्वाची आहे. ती लिहिलेली असली की बनावट माल देऊ पाहणारा पुरवठादार बहुधा दरपत्रकच देत नाही. पडताळणीचा दिनांक व निकाल साठा नोंदवहीत कार्डासमोर नोंदवावा.

१२. टिकाऊपणा व निगा

मेमरी कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठविली जाते. प्रत्येक कोशात लिहिण्या-पुसण्याच्या आवर्तनांना मर्यादा असते आणि दीर्घकाळ न वापरता ठेवल्यास भार हळूहळू क्षीण होतो. उष्णतेने ही झीज वाढते. त्यामुळे मेमरी कार्ड हे वाहतुकीचे साधन आहे, अभिलेखागार नव्हे. क्षेत्रभेटीत रोज सायंकाळी सामग्री संगणकावर किंवा दुसऱ्या कार्डावर उतरवून घ्यावी आणि उतरवलेल्या फायलींपैकी काही प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. कार्ड काढण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन ते अनमाउंट करावे. फायली अकारण अदृश्य होणे, प्रती करताना वारंवार अडथळा येणे, कार्ड केवळ वाचता येणे पण लिहिता न येणे, ही कार्डाच्या अखेरची लक्षणे होत. ती दिसताच सामग्री काढून घेऊन कार्ड वापरातून दूर करावे.

१३. निष्कर्ष

(१) कार्डाची सुसंगतता आकार, क्षमतेचा वर्ग, फाइल प्रणाली व कार्यप्रणालीतील परवानगी या चार पातळ्यांवर तपासावी लागते. वेगाचा विचार त्यानंतर येतो.
(२) ३२ जीबी ही एसडीएचसी व एसडीएक्ससी यांच्यातील सीमारेषा असून जुन्या टॅब्लेटसाठी ती ओलांडू नये.
(३) अध्यापनाच्या नेहमीच्या कामास यू१ किंवा व्ही१० वर्ग पुरेसा आहे. ४के चित्रीकरणासाठी यू३ किंवा व्ही३० घ्यावा.
(४) संशोधनसामग्रीसाठी कार्ड सुट्या साठवणीच्या पद्धतीनेच वापरावे.
(५) कोणतेही नवे कार्ड पूर्ण भरून व परत वाचून पाहिल्याशिवाय वापरात आणू नये.
(६) कोणत्याही सामग्रीची एकमेव प्रत कार्डावर ठेवू नये.

१४. समारोप

मेमरी कार्ड ही किमतीने लहान वस्तू आहे. त्यामुळे तिच्या खरेदीचा विचार सहसा गांभीर्याने होत नाही. परंतु कार्डावर जे साठविले जाते त्याचे मोल कार्डाच्या किमतीशी निगडित नसते. एखाद्या वृद्ध गायिकेचा आवाज, पडझड होण्यापूर्वी टिपलेले शिलालेखाचे छायाचित्र, विद्यार्थ्याने वर्षभर जमविलेली निरीक्षणे या गोष्टी पुन्हा विकत घेता येत नाहीत. मागणीपत्रातील चार ओळी आणि पडताळणीचा एक तास एवढ्याने यातील बरीचशी हानी टाळता येते. प्रत्येक विभागाने ही पद्धत आपल्या नित्य कार्यपद्धतीचा भाग करावी, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.